कौठारची भगवती आणि पांडुरंग नावाचा देश

व्हिएतनामने १ जुलै २०२५ रोजी आपल्या प्रांतांची फेरमांडणी केली आणि ६३ चे ३४ प्रांत केले. या कपातीत दक्षिण-मध्य किनाऱ्यावरचे खान्ह होआ आणि निन्ह थुआन हे दोन शेजारी प्रांत एक झाले. नव्या प्रांताला खान्ह होआ हेच नाव राहिले आणि कारभाराचे ठाणे न्या ट्रांग या समुद्रकाठच्या पर्यटननगरीत ठेवले गेले. खर्च वाचावा, कचेऱ्या कमी व्हाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. पण जुन्या नावांनी नकाशा वाचायची खोड ज्यांना लागली आहे, त्यांना या बातमीत दुसरेच काही दिसले. न्या ट्रांगचा मुलूख म्हणजे शिलालेखांतला ‘कौठार’. निन्ह थुआनचे मुख्य गाव फान रांग म्हणजे शिलालेखांतला ‘पांडुरंग’. कौठार आणि पांडुरंग एका प्रांतात आले.

चंपा या नावाने ओळखली जाणारी राज्ये या किनाऱ्यावर हजार-दीड हजार वर्षे नांदली. त्यांच्या विभागांची नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचत गेले तर अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग. मराठी माणसाच्या कानाला ही यादी म्हणजे वऱ्हाडातून निघून पंढरीला पोचणाऱ्या दिंडीसारखी वाटते. त्यामुळे ‘व्हिएतनाममध्ये विठोबा’ अशा मथळ्याचे मजकूर माझ्याकडे वर्षाला दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी पाठवतेच. पाठवणाऱ्याचा आनंद खरा असतो, म्हणून मी वाद घालत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्या ट्रांगला जायचा योग आला, तेव्हा मात्र ठरवले की या नावाचा शक्य तितका माग काढायचा.

शहराबद्दल थोडक्यात. अर्धचंद्राकृती उपसागर, त्याला लागून चान फू नावाचा लांबलचक रस्ता, एका बाजूला माड आणि वाळू, दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस मजली हॉटेले. समोरच्या होन चे बेटावर करमणुकीचे मोठे उद्यान आहे आणि तिथे जायला समुद्रावरून केबल कार. दुकानांच्या पाट्या व्हिएतनामी, रशियन, चिनी आणि कोरियन भाषांत. यांतल्या रशियनला इतिहास आहे. जवळच्या काम रान्ह बंदरात १९७९ पासून २००२ पर्यंत सोव्हिएत, मग रशियन नौदलाचा तळ होता. त्याआधी अमेरिकेचा होता आणि १९०५ साली जपानशी लढायला निघालेले झारचे आरमारही तिथे थांबले होते. आता त्याच काम रान्हच्या विमानतळावर पर्यटक उतरतात. न्या ट्रांग हे नाव ‘वेळूची नदी’ अशा अर्थाच्या चाम शब्दांवरून आले असे मानतात. चाम म्हणजे चंपाचे मूळ लोक. त्यांची भाषा मलय आणि आचेहच्या भाषेच्या कुळातली. व्हिएतनामीशी तिचे रक्ताचे नाते नाही.

काई नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर एक छोटी टेकडी आहे. तिच्यावर विटांचे चार मनोरे उभे आहेत. हे पो नगर. मनोरे आठव्या ते तेराव्या शतकांदरम्यान वेगवेगळ्या राजांनी बांधले, पाडले गेले, पुन्हा बांधले. विटा अशा बसवल्या आहेत की सांधा सहजी दिसत नाही. टेकडीच्या पायथ्याशी विटांच्याच जाडजूड खांबांच्या दोन-तीन ओळी आहेत. छप्पर कधीच गेले, मंडप होता एवढे कळते. मुख्य मनोऱ्याच्या दारावर चार हातांची नाचणारी आकृती कोरलेली आहे, पायाखाली एक जनावर, बाजूला वाद्ये वाजवणारे दोघे. काही अभ्यासक तिला शिव म्हणतात, काही दुर्गा. मी खाली उभी राहून बराच वेळ पाहिले. जनावर बैल मानले तर शिव, रेडा मानले तर देवी. दगड इतका झिजला आहे की मत बनवायला जागा भरपूर.

खरा ऐवज आहे तो दाराच्या दगडी चौकटीवर. चौकटीचे दोन्ही खांब अक्षरांनी भरलेले आहेत. पो नगरच्या लेखांत संस्कृत आहे आणि तिच्या जोडीला चाम भाषाही आहे. काळ मोजला आहे तो शकात. आपल्या पंचांगावर दरवर्षी छापला जाणारा तोच शक, इसवी सनातून ७८ वजा केले की येतो तो. तारखा वाचताना मला वहीत रूपांतर करायची गरजच पडली नाही, आणि कबूल करते की तेवढ्या एका गोष्टीने मी हरखून गेले.

लेखांमधून निघणारी हकिगत अशी. शके ६९६ मध्ये, म्हणजे इ. स. ७७४ साली, परदेशी लोक जहाजांतून आले. लेख लिहिणाऱ्याचा राग अजून ताजा आहे. ते काळे, हडकुळे आणि यमासारखे क्रूर होते, त्यांचे खाणे प्रेतांहून किळसवाणे होते, असे तो सांगतो. त्यांनी मुखलिंग पळवले आणि देऊळ जाळले. जळाले, म्हणजे ते लाकडी असणार. राजा सत्यवर्मन्‌ने जहाजे घेऊन पाठलाग केला, चोरांना मारले, पण लिंग समुद्रात गेले ते गेलेच. शके ७०६ (इ. स. ७८४) मध्ये त्याने नवे मुखलिंग स्थापले. याच लेखात मूळ देवस्थान विचित्रसागर नावाच्या राजाने द्वापरयुगाच्या ५९११ व्या वर्षी स्थापले असे नोंदवले आहे. इतका नेमका आकडा! आपल्याकडच्या स्थळपुराणांची सवय असलेल्या माणसाला यात काही नवे वाटू नये.

त्यानंतर काही वर्षांतच, इ. स. ७८७ मध्ये, पांडुरंगातलेही एक देऊळ जहाजांतून आलेल्या सैन्याने जाळले. तिथल्या लेखात हल्लेखोर जावाचे होते असे स्पष्ट म्हटले आहे. शके ७३९ (इ. स. ८१७) च्या पो नगरच्या लेखात सेनापती पार हा भगवतीचे देऊळ नव्याने बांधतो आणि त्याबरोबर विनायकाचेही. हा पार ज्या राजपुत्राचा पाठीराखा होता, तो पांडुरंगाचा अधिपती. म्हणजे भगवतीच्या दारातच पांडुरंगाचे नाव कोरलेले आहे, पण ते एका मुलखाचे नाव म्हणून.

शके ८४० (इ. स. ९१८) मध्ये तिसऱ्या इंद्रवर्मन्‌ने भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली. हा राजा षड्दर्शने, बौद्ध मत, काशिकेसह पाणिनीचे व्याकरण आणि शैवांचे आख्यान व उत्तरकल्प यांत पारंगत असल्याची स्तुती लेखात आहे. स्तुतीला स्तुतीइतकीच किंमत द्यावी हे खरे. तरी काशिकावृत्तीचे नाव न्या ट्रांगच्या टेकडीवर कोणाला तरी ठाऊक होते आणि ते नाव घेतल्याने राजाचा मान वाढतो असे वाटत होते, हे उरतेच. सोन्याची मूर्ती फार काळ टिकली नाही. ख्मेर, म्हणजे कंबुजदेशाचे लोक, आले आणि घेऊन गेले. हे ख्मेरही संस्कृतात लिहिणारे, शिवाला भजणारे, शकात काळ मोजणारे. शके ८८७ (इ. स. ९६५) मध्ये पहिल्या जय इंद्रवर्मन्‌ने सोन्याच्या जागी दगडाची मूर्ती ठेवली. लोभी कंबुजांनी मूर्ती नेली आणि ते मेले, असे त्याचा लेख सांगतो.

आत गेले तेव्हा गाभाऱ्यात उदबत्तीचा धूर दाटला होता. देवी दहा हातांची, मांडी घालून बसलेली, काळ्या दगडाची. पण हात मोजायला जावे तर दिसत नाहीत. भरजरी रेशमी झगे, मुकुट, माळा यांतून चेहरा तेवढा बाहेर असतो. बायका फळे, फुले आणि गोड खाद्यांची तबके घेऊन रांगेत होत्या. चांद्र तिसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी देवीला स्नान घालून तिची वस्त्रे बदलतात आणि तेव्हा चार दिवसांची मोठी जत्रा भरते. तोकड्या कपड्यांतल्या पर्यटकांना दारापाशी लांब झगे उसने मिळतात. माझ्या पुढचे दोन धिप्पाड रशियन राखाडी झग्यांत अचानक भिक्षू दिसू लागले होते.

रांगेतल्या बायकांपैकी कोणीही तिला भगवती म्हणत नाही. त्या सगळ्या व्हिएतनामी, आणि त्यांच्यासाठी ती थियेन इ आ ना. तिची कथा १८५६ साली फान थान्ह ज्यान या विद्वान मंत्र्याने लिहून इथे शिलेवर कोरवली. एक निपुत्रिक म्हातारे जोडपे डोंगरात कलिंगडांचा मळा राखत होते. रात्री कोणीतरी फळे तोडते म्हणून म्हातारा पाळतीवर बसला, तर चांदण्यात फळ झेलत खेळणारी एक मुलगी सापडली. त्यांनी तिला वाढवले. पुढे ती पुरात वाहत आलेल्या अगरूच्या ओंडक्यात शिरली, समुद्रमार्गे उत्तरेच्या देशी गेली, तिथल्या राजपुत्राची राणी झाली आणि घरची ओढ लागल्यावर मुलांना घेऊन त्याच ओंडक्यातून परत आली. लोकांना तिने शेती आणि रीतभात शिकवली.

चाम लोक सांगतात ती कथा याहून रांगडी आहे. त्यांची पो इना नगर, म्हणजे देशाची आई, ढग आणि समुद्राच्या फेसातून जन्मली. तिनेच भात आणि अगरू निर्माण केले. तिला ९७ नवरे होते. फान थान्ह ज्यानसारख्या कन्फ्यूशियन पंडिताच्या हातून कथा गेल्यावर नवरे ९६ ने कमी झाले, यात नवल नाही. आपल्याकडच्या किती रानदेवतांची लग्ने पुराणिकांनी अशीच लावून दिली!

तिची तीन नावे एकावर एक बसली आहेत. चाम लोकांची आई सर्वांत खाली. तिच्यावर राजांनी आणि त्यांच्या पंडितांनी चढवलेले संस्कृत नाव, भगवती. त्यावर व्हिएतनामी नाव, ज्यातला शेवटचा तुकडा अभ्यासकांच्या मते जुन्या चाम नावाचाच अवशेष आहे. संस्कृतचा थर आता फक्त दगडावर आहे, लोकांच्या तोंडी नाही. तोंडी राहिली आई. व्हिएतनामी लोक या जागेला ‘थाप बा’ म्हणतात, बाईचा मनोरा.

गाभाऱ्याबाहेर एका भारतीय सहलीच्या म्होरक्याने आपल्या लोकांना गोळा करून सांगितले, ‘‘ही आपली दुर्गा. हे सगळे आपलेच होते, यांनी नाव बदलले.’’ लोकांनी हात जोडले, ‘जय माता दी’ झाले. त्याच वेळी खालच्या अंगणात चाम पोशाखातल्या मुली डोक्यावर घडे तोलत नाचत होत्या आणि एक चाम बाई मागावर पट्टा विणत होती. दिवसातून ठरावीक वेळा हा कार्यक्रम असतो. ज्यांची ही आई, ते तिच्या अंगणात पगारी कलावंत आहेत. नाव कोणी बदलले याची तक्रार करायचा पहिला हक्क या विणणाऱ्या बाईचा होता, आणि तिने ती केली असती तर आधीच्या नावबदलाबद्दलही करावी लागली असती.

‘हे सगळे आपलेच होते’ हे वाक्य त्या म्होरक्याचे नाही, ते शंभर वर्षांचे आहे. कलकत्त्यात १९२६ साली ग्रेटर इंडिया सोसायटी स्थापन झाली आणि १९२७ साली रमेशचंद्र मजुमदारांचा चंपावरचा ग्रंथ लाहोरहून निघाला. पूर्वेकडच्या प्राचीन भारतीय वसाहतींचा पहिला खंड, असे त्याला म्हटले होते. स्वतः वसाहत असलेल्या देशातल्या विद्वानाला आपल्याही वसाहती होत्या असे सांगावेसे वाटणे समजू शकते. फ्रेंच पंडितांनी, विशेषतः आबेल बर्गेन्य यांनी, वाचलेले लेख मजुमदारांनी भाषांतरासह एकत्र आणले. त्या भागाचा मला अजून उपयोग होतो. ‘वसाहत’ या शब्दाचा मात्र होत नाही. भारतातल्या कोणा राजाने आरमार पाठवून हा किनारा जिंकला असे यातला एकही लेख सांगत नाही. चंपाचे राजे आपली वंशावळ सांगताना देवांपर्यंत जातात, पण मगध किंवा कांचीचे मांडलिक म्हणून सही करत नाहीत.

मग संस्कृत आली कशी? न्या ट्रांगजवळच्या वो कान्ह गावात सापडलेली शिळा या बाबतीत फार मोलाची. आता ती हनोईच्या इतिहास संग्रहालयात आहे. तिच्यावरचा संस्कृत लेख दुसऱ्या ते चौथ्या शतकांमधला मानतात, म्हणजे आग्नेय आशियातला हा सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी एक. त्यात श्रीमार नावाच्या राजाच्या कुळाचा उल्लेख आहे. झाँ फिलिओझा यांनी या नावाचा संबंध पांड्यांच्या ‘मारन्’ या बिरुदाशी जोडला, इतरांनी तो मानला नाही. लेख चंपाचा की मेकाँगच्या मुखाकडच्या फूनान राज्याचा, यावरही दुमत आहे. दुसरीकडे, उत्तरेला चा क्यूच्या परिसरात सापडलेला चौथ्या शतकाच्या सुमाराचा डोंग येन चाऊचा लेख चाम भाषेत आहे. आग्नेय आशियातल्या कुठल्याही देशी भाषेतला तो सर्वांत जुना. ब्राह्मी कुळातली लिपी हाती आली, तशी इथल्या लोकांनी ती आपल्या बोलीसाठीही लगेच वापरली. मराठीतले जुने कोरीव लेख आपण कोणत्या शतकापासून मोजतो हे आठवले की, या घाईचे कौतुक वाटते.

संस्कृत आली ती बहुधा अगरूच्या वासाने. खान्ह होआला आजही ‘अगरूची भूमी’ म्हणतात. समुद्रकाठी कमळाच्या आकाराचा एक मनोराही त्या नावाने उभा केला आहे. झाडाला जखम होऊन बुरशी लागली की आतले लाकूड सुगंधी राळेने भरते, तो अगरू, अरबांचा ऊद. अरब व्यापारी चंपाला ‘सन्फ’ म्हणत आणि तिथल्या उदाला ‘सन्फी’. तो आणायला जाणाऱ्या जहाजांतून व्यापारी गेले, त्यांच्याबरोबर कधी ब्राह्मण, कधी भिक्षू. आपल्या शेजारच्या सरदारांहून वेगळे दिसू इच्छिणाऱ्या स्थानिक सरदाराला ‘वर्मन्’ हे नाव, शक आणि शिवलिंग उपयोगाचे वाटले. त्याने ते बोलावून घेतले, लादून घेतले नाही. शेल्डन पोलॉक यांनी संस्कृतच्या अशा सैन्याविना झालेल्या प्रसाराचा विस्ताराने विचार केला आहे. त्यांच्या मांडणीशी सगळेच सहमत नाहीत, पण पो नगरच्या चौकटीसमोर उभे राहिल्यावर मला ती मजुमदारांपेक्षा जवळची वाटते.

न्या ट्रांगहून फान रांग शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. रस्त्यात सुओई जाऊ लागते. तिथे रबराची लागवड होती त्या भागात एका टेकाडावर निळी कबर आहे, आलेक्सांद्र येर्सँ यांची. महाराष्ट्राचा न्या ट्रांगशी खरा, कागदोपत्री सिद्ध होणारा संबंध हवा असेल तर तो इथे आहे, आणि सहलीचे म्होरके इथे थांबत नाहीत.

येर्सँ जन्माने स्विस, पाश्चरच्या संस्थेत तयार झालेले. जून १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ असताना त्यांनी प्लेगचा जंतू शोधला. आज त्या जंतूच्या शास्त्रीय नावात त्यांचेच नाव आहे. १८९५ साली त्यांनी न्या ट्रांगला प्रयोगशाळा काढली आणि घोड्यांना जंतू टोचून त्यांच्या रक्तातून प्लेगवरचा रक्तद्रव तयार करायला घेतला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याला हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये येर्सँ आपला रक्तद्रव घेऊन मुंबईत आले. हाफकिनची लस रोग टाळण्यासाठी, येर्सँचा रक्तद्रव रोग झालेल्यांसाठी. मुंबईत त्याला हवे तसे यश आले नाही. चीनमध्ये बरे होताना दिसलेले रोगी इथे दगावत होते. ते कच्छच्या मांडवीलाही गेले. पुढे त्यांची जागा घ्यायला पॉल-लुई सिमाँ आले, आणि १८९८ साली कराचीत सिमाँनी उंदरावरची पिसू रोग पसरवते हे दाखवले. येर्सँ मुंबईत असतानाच पुण्यात रँडच्या प्लेग समितीचा अंमल चालू होता आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्या प्रकरणात न्या ट्रांगच्या घोड्यांचाही एक कोपरा आहे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

येर्सँ न्या ट्रांगला परतले ते कायमचे. रबर लावले, सिंकोना लावला, कोळ्यांच्या वस्तीत राहिले, १ मार्च १९४३ रोजी तिथेच वारले. लोक त्यांना ‘ओंग नाम’, म्हणजे पाचवे काका, म्हणत. मी पोचले तेव्हा पुण्यतिथीला आठवडाही झाला नव्हता. कबरीवर ताजी फुले होती आणि उदबत्त्यांच्या काड्या. इथे माणसाचा देव व्हायला वेळ लागत नाही.

आता पांडुरंग. फान रांगच्या प्रदेशाला चिनी कागदपत्रांत ‘पिन-तुंग-लुंग’ म्हटले आहे. ते याच नावाचे चिनी रूप. स्थानिक नाव आधी आणि त्याला संस्कृत पेहराव नंतर, की संस्कृत नाव आधी आणि त्याचा अपभ्रंश नंतर? निश्चित सांगणारा लेख नाही. मला पहिला पर्याय पटतो. तो पटायचे कारण आपल्या घरचे आहे. पंढरपूरचे जुने कन्नड नाव ‘पंडरगे’, आणि त्याचेच संस्कृतीकरण होऊन ‘पांडुरंग’ झाले, असे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये मांडले. त्याच्याही आधी रा. गो. भांडारकरांनी हेमचंद्राच्या कोशात ‘पांडुरंग’ हे नाव शिवाचे म्हणून येते याकडे लक्ष वेधले होते. शुभ्र अंगाचा, कर्पूरगौर, तो शिव. काळ्या विठोबाला हे नाव कसे, हा प्रश्न त्यामुळेच अभ्यासकांना छळत आला. शैव चंपाच्या पंडितांपुढे एखादे ‘पान्रांग’सारखे देशी नाव आले असेल, तर त्यांना शिवाचे हे नाव सुचावे यात अवघड काही नाही. भीमेच्या काठी ‘पंडरगे’ ऐकून कोणाला तरी तेच सुचले.

हे अनुमान आहे, सिद्धान्त नाही. पण ते बरोबर असेल तर इथला पांडुरंग आणि पंढरीचा पांडुरंग यांच्यात ना प्रवासाचे नाते, ना भक्तीचे. चंपात विठोबाची मूर्ती नाही, विटेवरचा देव नाही, वारी नाही. दोन्हीकडे गावाचे देशी नाव होते आणि दोन्हीकडे ते ऐकणाऱ्या माणसाचे संस्कृत चांगले होते. आपल्याकडे गावाच्या नावाचा देव झाला, तिकडे देश झाला.

तो देश संपल्याला फार दिवस झालेले नाहीत. न्युएन सरदारांनी १६५३ साली कौठार घेतला. भगवती तेव्हाच व्हिएतनामी हद्दीत गेली. चाम लोकांनी दक्षिणेला हू डुक गावात तिचे नवे, साधे देऊळ केले आणि ते आजही पूजेत आहे. पांडुरंग उरला, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मांडलिक म्हणून. १८३२ साली सम्राट मिन्ह मांगने तोही खालसा केला. पुढची तीन वर्षे उठाव झाले, मोडले गेले. आपल्याकडे ज्या दशकांत दप्तरे ‘सातारा’ आणि ‘कोल्हापूर’ या नावांची होती, त्याच दशकात पांडुरंग हे राज्य म्हणून नकाशावरून पुसले गेले. त्याच्या दरबाराची चाम लिपीतली कागदपत्रे पॅरिसमध्ये एका विद्वत्सभेच्या संग्रहात आहेत. त्यांवर आधारून १८०२ ते १८३५ चा पांडुरंगाचा इतिहास दोन खंडांत लिहिला तो पो धर्म या नावाने लिहिणाऱ्या चाम इतिहासकाराने. जन्म याच मुलखातला, ग्रंथ फ्रेंचमध्ये, प्रकाशन पॅरिसला १९८७ साली. शीर्षकातच ‘पांडुरंग’ हा शब्द आहे, आणि तो वाचताना त्यांच्या लोकांच्या मनात कोणती टाळ-वीणा वाजत नाही. गमावलेली जमीन उभी राहते.

२०१९ च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये सुमारे १ लाख ७९ हजार चाम आहेत. फान रांगच्या परिसरातले काही स्वतःला ‘बालामोन’ म्हणवतात, ब्राह्मण शब्दाचेच हे रूप. काही ‘बानी’ आहेत. त्यांचा इस्लाम इतका देशी झालेला की बाहेरच्या मुसलमानाला ओळखू येऊ नये. दोघांचे पुरोहित एकमेकांच्या समारंभांना जातात. ‘आपलेच होते’ म्हणणाऱ्यांनी यातल्या निम्म्यांचेच काय करायचे, हे आधी ठरवावे लागेल.

फान रांगला रेल्वे स्टेशनचे नाव ‘थाप चाम’, चाम मनोरा. स्टेशनाजवळच्या उघड्या, निवडुंगांच्या टेकडीवर पो क्लोंग गराय. तेराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेले हे देऊळ. दारावर नाचणारा शिव, चौकटीवर चाम लेख, उंबऱ्याशी नंदी. शेतकरी पीक चांगले यावे म्हणून नंदीच्या तोंडाशी काहीबाही ठेवतात. मी पाहिली ती विड्याची पाने होती. आत मुखलिंग आहे, त्याला पूजक शिव म्हणत नाहीत, राजा पो क्लोंग गराय म्हणतात. राजाने देवाचे नाव घेतले होते, लोकांनी देवाला राजाचे दिले.

दरवर्षी शरदात ‘काते’ च्या सणाला हे दार विधीने उघडतात. लिंगाला स्नान घालतात आणि राजाची वस्त्रे नेसवतात. ही वस्त्रे चाम लोकांकडे नसतात. डोंगरात राहणाऱ्या राग्लाय जमातीकडे ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायला दिलेली आहेत. पडत्या काळात राजघराण्याची चीजवस्तू डोंगरात हलवली गेली, तेव्हापासून ही रीत, असे सांगतात. सणाच्या आदल्या दिवशी राग्लाय ती घेऊन खाली उतरतात, वाजतगाजत त्यांचे स्वागत होते आणि काम झाले की ती परत जातात. मी गेले तो मार्च होता. दार बाहेरच्यांना पाहण्यापुरते उघडे होते आणि लिंगावर रोजचे साधे कापड होते. राजाचे कपडे तेव्हा डोंगरात, राग्लायांच्या घरी होते.